पाहुणीची खोली

प्रिय सेकार,

फोनच केला असता, पण फोनवर तू फार लवकर "बरं आई, ठेवते" म्हणतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही. शिवाय कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर जोसेफांनी घोटून घेतलेलं माझं अक्षर अजून वळणदार आहे. ते कुणाला तरी दाखवायला नको का?

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, "घरच्या देवळाच्या उत्सवाला येईन, पण पाहुणी म्हणून. लग्नात पितरांचा निरोप घेऊन बाहेर पडले. आता घटस्फोट झाला म्हणून आपणहून आत कशी शिरू? बाबांच्या जागी दादा आहे, त्याने बोलवायला हवं. तो तर गप्प. माझ्यासाठी एखादी खोली बघ. चार प्रवासी येतात तशी येईन, उबुद बघेन आणि जाईन."  फोन ठेवला आणि ठरवलं, पोरीला पाहुणीच व्हायचंय ना, तर खोली बघू, आणि पाहुण्यांचं उबुद कसं असतं तेही बघून घेऊ. जन्म गेला इथे, पण नैवेद्याच्या टोपल्या विणता विणता गाव बघायचं राहूनच गेलं.

तुझ्या न्योमान आत्याला नुसतं विचारायचा अवकाश, स्कूटर घेऊन दारात हजर! पँट, गॉगल आणि ही एवढी मोठी टोपी. कुंडांच्या देवळात तिने हट्टाने कमरेला गुंडाळायचं सारोंग भाड्याने मागितलं. दारावरचा माणूस तिच्याकडे बघतच राहिला. "मावशी, तुम्ही तर इथल्याच. घरचं कुठे गेलं?" "धुवायला टाकलंय," आत्या म्हणाली आणि सरळ आत. पाण्याच्या धारेखाली डोकं धरलं तेव्हा मात्र मला तू आठवलीस. सहा वर्षांची असताना तू इथे पाणी गार म्हणून रडली होतीस, आणि मग बाहेर यायलाच तयार नव्हतीस. आठवतं?

तिथून भातशेतीच्या पायऱ्यांकडे. सेकार, तिथे आता दरीवर झोपाळे आहेत! तुझ्या बाबांचा डबा घेऊन मी ज्या बांधावरून अनवाणी जायचे, त्याच्या वरून तुझी आत्या किंचाळत हवेत गेली. टोपी थेट खालच्या शेतात. एक शेतकरी ती हातात धरून ओरडला, "आजीबाई, आता चप्पल पण टाका, जोडी होईल!" मी हसून हसून बांधावरच बसले. मातीचा वास तोच होता गं. बाबा जेवून हात धुवायचे तेव्हा यायचा तसा.

दिवेलागणीला आत्याने मला एका गाण्याच्या हॉटेलात नेलं. आल्याचं काहीतरी झणझणीत प्यायलो. गाणाऱ्या मुलीने माईकवरून विचारलं, "तुम्ही दोघी कुठून आलात?" आत्या म्हणाली, "मागच्या गल्लीतून." सगळं हॉटेल हसलं, आणि मग तिला नाचवल्याशिवाय कुणी सोडलं नाही.

आणि तिथून राजवाड्याच्या अंगणात, नाच बघायला. पहिल्या रांगेत, परदेशी पाहुण्यांच्या मधोमध, गॉगलसकट! आज ढोलावर तुझा दादा पुतू असणार हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. त्याने मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि चक्क ठेका चुकला. गमेलनची वाद्यं वाजवणारे सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. नाच संपल्यावर घामेजलेल्या अंगानेच आला. "आई, हे काय चाललंय?" मी शब्द जुळवत होते, तोवर आत्याने सांगूनही टाकलं, "सेकार प्रवासी म्हणून येतेय. तिच्यासाठी गाव बघतोय. खोलीही ठरवलीय, गुस्तीच्या अतिथिगृहात."

"गुस्तीकडे? आपल्या भिंतीला लागून?" त्याचा आवाज चढला. "म्हणजे घरातली पूजा तिने भिंतीवरून बघायची?"

"मग तू बोलाव ना," आत्या म्हणाली.

तो ढोलाच्या दोऱ्या उगाच ओढत राहिला. "मला वाटलं, तिलाच यायचं नाही. वर्ष झालं, एका शब्दाने विचारलं नाही तिने."

"ती विचारायची नाही आणि तू बोलायचा नाहीस," आत्या म्हणाली. "दोघं अगदी बापावर गेलात."

 तो ढोल खांद्याला लावून पुढे चालायला लागला.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. दुसऱ्या दिवशी न्याहारी न करताच पुतू पुजाऱ्यांकडे गेला आणि दिवस ठरवून आला. उत्सवाच्या आदल्या सकाळी, जिथे उभी राहून तू पितरांचा निरोप घेतला होतास, तिथेच तो तुझ्या शेजारी उभा राहील आणि त्यांना सांगेल की आमची मुलगी परत आली. तुझ्या फळांच्या नैवेद्याचा मनोरा वहिनी स्वतः रचणार आहे. डोक्यावर घेऊन पुढे चालायचं तू, सवय गेली असेल तर आतापासून उशी डोक्यावर ठेवून घरात फेऱ्या मार. पूर्वेकडची तुझी खोली पुतूने काल झाडून घेतली, कुणालाही हात लावू न देता. गुस्तीकडची मी रद्द केली आहे. तेव्हा ती पाहुण्यांची छोटी बॅग आणू नकोस. सगळं सामान घेऊन ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई