बापाचा हात

जोहे, ८ जुलै

ती. शकूवहिनीस,
दिशाचा सा. न.

मी झोपलेली नाय. किमयाची मांडी लालभडक झाली हाय, ती कण्हते न् मी तिच्या तोंडाकडं बघत बसते.

अंगणवाडीत आईबापांचे वर्ग चालू झाले. शिकवणाऱ्या बाई बोलल्या, पोराचं नुसतं आईनंच करायचं असं कुठं हाय, बापानं पण न्हाऊ घालावं. सगळ्या बापयांत हेच एकटे उठले न् बोलले, मी करतो. रोज करत होते. पोरगी खिदळायची. आळीतले बोलायचे, प्रविणला आता पान्हा फुटायचा तेवढा बाकी हाय. आपल्या दादानं पण फोनवर विचारलं, दाजी, साडी कुठल्या रंगाची पाठवू? हे हसले, पण जेवले नाय.

परवा हे गणपतीच्या कारखान्यातून आले, मूर्तीचा सोनेरी रंग हातावरनं तिच्या मांडीला लागला. ह्यांनी थिनरनं पुसला. आपले हात रोज तसेच पुसतात ना. पेणच्या डॉक्टरनं मलम दिलं, बरी होईल बोलले. पण सासूबाई बोलतात, बापयाचा हात पोरासाठी नसतोच. आता हे लेकीला शिवत पण नाय. चूक वर्गाची, का ह्यांची, का माझी? मला कायच कळत नाय गो.

फोनवर बोलले तर सासूबाई ऐकतात. पुतळीमावशी पापड घेऊन रोह्याला येते, तिच्याकडं चिठ्ठी देते. माया कमी करू नको.

तुझी दिशा

रोहा, १० जुलै

चि. सौ. दिशास,
अनेक आशीर्वाद.

रडू नको गो. पहिल्या महिन्यात तूच तिच्या अंगावर कढत पाणी ओतलंस, विसरलीस? तेव्हा बाईचा हात पोरासाठी नसतो असं कोण बोललं? सगळ्यांनी तुला कढत पाण्यात थंड पाण्याचं विसण घालायला शिकवलं. प्रविणरावांना पण तसंच शिकव, रंगाला थिनर नाय, खोबरेल. तुझ्या दादाला मी झाडलं. बोलला, मस्करी केली. तोंड मात्र उतरलं त्याचं.

किमयाला पापा. वरचेवर लिहीत जा.

तुझी वहिनी

जोहे, १२ जुलै

ती. वहिनीस, न् वहिनी भाताच्या लावणीला गेली असेल तर घरात जो असेल त्याला,
नमस्कार.

मांडी सुकत आली. मी ह्यांना खोबरेलाची बाटली दाखवली, विसणाचं पण सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. हे बोलले, तुझा भाऊच मला साडी नेसवतो, मग गावाला काय बोलू?

उद्या सकाळी सुरतला चाललेत, तिकडच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला. गणपती झाल्याशिवाय यायचे नाय. पोरगी हात करते न् हे भिंतीकडं बघतात. पिशवी भरून ठेवली हाय. तिच्यात किमयाचं झबलं दिसलं. हात पुसायला नेतात, का कशाला, मला कळत नाय. विचारायची भीती वाटते.

माझं ते ऐकत नाय, दादाचं ऐकतील. नागोठण्याला कंपनीच्या गेटवर त्याचा फोन ठेवून घेतात, शिफ्ट सुटली की मिळतो. त्यानं आजच ह्यांच्याशी बोलावं, साडीचं बोलला ते मागं घ्यावं. मावशी तिथंच उभी असेल, तिला चहा नंतर द्या. जो कोण हे वाचेल त्यानं शिफ्ट सुटल्याबरोबर पहिला दादाला फोन करावा.