कडीवरचा हात

कांदिवली,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अनुपमा हिस,
अ. उ. आ.

फोन सोडून वहिनी पत्र का लिहिते, असं म्हणशील. दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, आणि हे कोणाच्या कानावर जायला नको. शिवाय तुझे दादा गेल्यापासून वाचनालयाचं पुस्तक संपलं तरी दुपार उरतेच.

दिशा माझ्यावर पाळत ठेवते आहे. हसू नकोस. सातवीतली नात, एरवी हाक मारली तर मोबाइलमधून मान वर काढत नाही. ती आता मी तांदूळ निवडायला बसले की समोर येऊन बसते, मी उठले की उठते. काय गं, विचारलं तर म्हणते काही नाही.

दीप्तीही त्यात आहे. सुनेबद्दल मी तुला कधी वाकडं लिहिलेलं नाही. पण रविवारी ती दिशाला हळूच विचारत होती, आजीचं काही सापडलं का. मी आत गेले तर दोघी गप्प. आणि नितेश जेवताना सहज विचारतो, आई, गॅस बंद केल्याचं लक्षात राहतं ना? खालच्या राधाबाईंचा गॅस एकदा चालू राहिला आणि मुलाने त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. तिथेही सुरुवात असल्या सहज विचारण्यानेच झाली होती.

कोणी घालवायच्या आधी आपण उठावं. कणकवलीला माझ्या भावाला, बाळाला, कळवलं आहे, बहिणीसाठी मागची खोली झाडून ठेव. इथे अजून कोणाला बोलले नाही. तुला काय वाटतं ते मोकळेपणाने लिही.

गुडघ्याला तेल लावत जा, आणि माया आटू देऊ नकोस.
तुझी,
सुगंधावहिनी


मुलुंड,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दारात पोस्टमन बघून आमच्या ह्यांना वाटलं बँकेची नोटीस आली. त्यांनी मलाच पुढे केलं.

वहिनी, तू खुनाच्या कादंबऱ्या आणणं जरा कमी कर. दिशाच्या शाळेत यंदा नाटकाचा तास सुरू झालाय. संघमित्राबाई शिकवतात. टॅब्लो बसवतायत, म्हणजे पडदा उघडला की मुलं पुतळ्यासारखी उभी, कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. पोरगी त्या नादात असेल. याहून जास्त मला विचारू नकोस.

कणकवलीचं मात्र थांबव. डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे, तेवढं होऊ दे, माझी शपथ. नंतरही जायचंच असेल तर मी स्वतः गाडीत बसवून देईन. दादा असता तर तुझं पत्र मोठ्याने वाचून हसला असता.

घरातल्यांवर नसेना, माझ्यावर तरी विश्वास ठेव.
तुझीच,
अनुपमा


कांदिवली,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अनुपमा हिस,
अ. उ. आ.

विचारू नकोस लिहिलंस, म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आहे. आणि नाटकाच्या तासाचं मला घरात कोणी सांगितलं नाही, मग मुलुंडला कसं कळलं? तूही त्यांच्यातलीच.

त्या बाईंना मी शाळेच्या फाटकाशी गाठलं. मुलांना घरी काय करायला सांगता, विचारलं. हसून म्हणाल्या, संमेलनाला या, आजी. शिक्षिकेने असं उत्तर टाळावं?

मग मीही ठरवलं. दिशा दिसली की ताठ बसते. चष्मा दोरीला बांधून गळ्यात घातलाय, शोधायला नको. गॅस बंद केला की तसं मोठ्याने सांगते. तांदूळ निवडताना गुणगुणायचे, तेही सोडलं. बघू दे काय सापडतं ते. पोर हिरमुसली आहे. वाईट वाटतं, पण आता माघार नाही.

संमेलनाला येईन ती तुझ्या शपथेपुरती. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे.

रागावले आहे, तरी तुझीच,
सुगंधावहिनी


कांदिवली,
२२ डिसेंबर २०२४

चि. सौ. अनुपमा हिस,
अ. उ. आ.

पत्राचं उत्तर आलं नाही, तूच आलीस. काल शाळेत शेजारी बसलो, पण बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते.

पडदा उघडला तेव्हा कोणी आरशापुढे टाय बांधणारे बाबा, कोणी लाटणं हातात आणि फोन खांद्यात धरलेली आई. लोक आपापली माणसं ओळखून हसत होते. कडेला दिशा, माझी राखाडी साडी नेसून. मला वाटलं, आता गॅस विसरणारी म्हातारी दाखवणार. सगळ्यांसमोर.

तसं नव्हतं. नुसती दाराची चौकट. उजवा हात कडीवर, डावा पदराला पुसता पुसता थांबलेला, कान जिन्याकडे. तू माझा हात दाबलास तेव्हा मला कळलं ती कोणाची वाट बघते आहे.

तुझे दादा कारखान्यातून आले की बेल वाजवत नसत. जिन्यात खोकायचे आणि मी कडी काढायचे. ते गेल्यानंतरही रोज संध्याकाळी मी दाराशी जाऊन उभी राहते, हे मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. बाकी सगळं लपवलं गं. जे माहीतच नाही ते कसं लपवणार?

घरी आल्यावर दिशाने सांगितलं. घरातल्या एका माणसाला त्याच्या नकळत बघायचं आणि त्याचा एकच क्षण निवडायचा. कळलं की माणूस वेगळा वागतो, म्हणून कोणी बोलायचं नाही, असा बाईंचा नियम. नाटकाचं तिने तुला आधीच सांगितलं होतं, मी सोंग करायला लागले तेव्हा ती तुझ्याकडे फोनवर रडली, आणि कडीचं कारणही तिला तुझ्याकडूनच कळलं, तेही सांगितलं. नितेशलाही विचारलं. म्हणाला, एकदा दूध जळालं होतं, तू घरात एकटी असतेस, भीती वाटली. मी विश्वास ठेवला. सगळा नाही, थोडा राखून ठेवलाय.

दिशाला म्हटलं, इतका वेळ न हलता उभी कशी राहिलीस? म्हणाली, "आजी, तू राहतेस ना."

बॅग रिकामी केली. बाळाला कळवलं, त्या खोलीत कांदे पसर.

आज संध्याकाळी हात कडीवर गेला तेव्हा माझा मलाच दिसला. काढून घेतला नाही. दिशा बाजूला येऊन उभी राहिली, या वेळी लपून नाही.

नाताळात नक्की ये. जिन्यात खोकू मात्र नकोस, बेल वाजव.

तुझी,
सुगंधावहिनी