आत्याची मापाची वही

३ मार्च, मंगळवार

मीच दिलेला प्रश्न आज माझ्यावर उलटला.

प्रौढांच्या वर्गाला आता चार ओळी सलग लिहिता येतात, म्हणून फळ्यावर विषय दिला — 'घरातली कोणती वस्तू मला मिळायला हवी होती?' वाटलं, दहा मिनिटांत उरकेल. पाऊण तास कुणी मान वर केली नाही.

ड्रायव्हरकाकांनी लिहिलं — 'वडिलांचा कंदील. भावाने नेला. त्याच्या घरी वीज आहे.' इस्त्रीवाल्या बाईंनी लिहिलं — 'आईची डबी. आत काही नव्हतं. पण उघडताना टक् वाजायची.' हा 'टक्' कसा लिहायचा, ते विचारायला तीनदा उठल्या.

मग ड्रायव्हरकाका म्हणाले, "आणि बाई, तुमचं काय? का नुसतं आम्हालाच रडवणार?"

सगळे हसले. मी म्हणाले, आमच्या घरी तसं काही नव्हतं.

शिकवणाऱ्या बाईने वर्गात खोटं बोलावं!

४ मार्च

वही होती. आत्याची मापाची वही. इथे तरी खरं लिहावं.

मी दोन वर्षांची असताना आई गेली. बाबा गोदामात हमाल. मला वाढवलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीने. पुढच्या खोलीत आत्याचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत आम्ही तिघं.

आत्याला अक्षरओळख नव्हती. गिऱ्हाईक आलं की ती वहीत त्याचं चित्र काढायची. पोस्टमन म्हणजे सायकलचं एक चाक. मुख्याध्यापिका म्हणजे उगारलेलं बोट. पेंगणारा सुतार म्हणजे करवत आणि मिटलेला डोळा. चित्राखाली मापाच्या रेघा — दहा इंचांना एक आडवी, वरच्या प्रत्येक इंचाला एक उभी, अर्ध्याला टिंब. आधी छाती, मग कंबर, मग बाही, मग लांबी. हा क्रम कधी चुकला नाही.

शिवाय बारीक खुणा. एका बाईंच्या चित्राशेजारी इवलासा खिसा — आतून लावायचा, घरात कुणाला दिसता कामा नये. एकीच्या पोटावर वाटाण्याएवढं वर्तुळ. तिने अजून घरी सांगितलं नव्हतं, पण आत्याच्या टेपने ओळखलं होतं.

एवढं सगळं एका वहीत. मी आज वीस पानांचे अहवाल लिहिते आणि त्यात एकही माणूस नसतो.

६ मार्च

काल लिहायचं टाळलं. आज लिहिते.

कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. घरातली पहिली पदवी हातात यायची होती, पण डोक्यात ती आधीच जाऊन बसली होती. मी म्हणाले, आत्या, हे काय लहान मुलासारखं? लोक काय म्हणतील? चांगली जाड वही आणली, तांबडी समासरेष आखली. आत्याने चित्र बघून सांगायचं, मी लिहायचं. नाव, छाती, कंबर, बाही, लांबी. तीन दिवस लागले.

चाक घेतलं नाही. करवत घेतली नाही. खिसा नाही, वर्तुळ नाही. 'ते अनावश्यक आहे,' असं मी म्हणाले होते. हाच शब्द. मग जुनी वही उचलून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. मी. माझ्या हाताने.

आत्याने नवी वही मांडीवर घेतली, पानावरून हात फिरवला. "अगदी मोत्यासारखं अक्षर आहे हो," म्हणाली. मी फुगले.

तिला वाचता येत नव्हतं! मग ती वही मी कुणासाठी लिहिली? म्हणाले होते, महिनाभरात तुला शिकवते. आधी परीक्षा आली, मग ही दूरची नोकरी. लोकांना शिकवायची नोकरी.

आत्याला जाऊन पाच महिने झाले. घरातली एक वस्तू मागायची झाली तर मी ती वही मागेन. ती मीच टाकली.

८ मार्च, रविवार

दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणाले. दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द तेवढेच.

१० मार्च

बाबांना फोन केला. आत्याची जुनी वही आठवते का, चित्रांची?

"रद्दीत गेली असेल ती कधीच. तू जेवलीस का?"

मी परत विचारलं.

"काजेला विचार. मला कागदातलं काय कळतंय?"

काजा म्हणजे काजमावशी. वीस वर्षं आत्याकडे काज-बटणं करायला होती. आता पुढची खोली तीच चालवते. पण फोनवर तिला ऐकू कमी येतं. शनिवारी जाऊनच येते. एका रद्दीत गेलेल्या वहीसाठी सहा तासांचा प्रवास! कुणाला सांगितलं नाही.

१४ मार्च, शनिवार. घरी.

काजमावशी दाराकडे तोंड करून मशीनवर बसली होती. आत्याच्या जागी. तोंडात दोन टाचण्या.

"आलीस का मास्तरीणबाई? उभी काय राहिलीस, पाहुणी आहेस का?"

वहीचं विचारलं. टाचण्या काढल्या आणि हसायलाच लागली.

"तुझी आत्या कागद रद्दीत घालील? चिंध्यासुद्धा मोजून ठेवणारी बाई! तू कॉलेजला गेलीस की गठ्ठ्यातून काढली तिने. चार दिवस मशीनच्या खणात लपवून वापरली. मग म्हणाली, पोरीने मान मोडून एवढं लिहिलं, ही वापरताना तिने बघितलं तर तिचं मन मोडेल. आणि घेतली कात्री."

मावशीने वर बोट दाखवलं. खिळ्याला तारेत ओवलेले कागदी नमुने — कॉलर, कफ, खिशाच्या झडपा. पानाला पान डकवून कडक केलेले. मी लहानपणापासून त्या खिळ्याकडे बघत आले, पण वही टाकल्यापासूनच्या या चार वर्षांत एकदाही नीट बघितलं नव्हतं. एका कॉलरवर अर्धं सायकलचं चाक. कफावर करवतीचे दात.

"मग मापं? ती कुठून बघायची?"

"दरवेळी नव्याने घ्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो वहीत आहे ना माझं? तर म्हणायची, माणूस काय भिंत आहे, तसाच राहायला?"

"आणि माझी वही?"

"ती दाखवायला. येईल त्याला उघडून दाखवायची, आमच्या पोरीचं अक्षर म्हणून. कधी उलटी धरायची. कुणी बोललं नाही."

मग धीर करून म्हणाले, मावशी, हे नमुने मला द्याल?

तिने कात्री खाली ठेवली. मग स्टुलावर चढून तार खिळ्यावरून काढली. "ने. तुझ्या आत्याचंच आहे. मी कापीन दुसरे." टेबलावर शाळेचे बारा शर्ट कापून पडले होते, कॉलरशिवाय. तिने त्यांवर फडकं ओढलं, माझ्या नजरेस पडू नयेत म्हणून.

१५ मार्च, रविवार

सकाळपासून मागच्या खोलीत सगळे नमुने जमिनीवर मांडून बसले. एकेचाळीस. मुख्याध्यापिकांचं बोट मिळालं. आतल्या खिशाच्या बाई मिळाल्या. वर्तुळ मिळालं — ते मूल आता शाळेत जातं, बाबा म्हणाले.

मी स्वतःला शोधत होते, हे मला दुपारी कळलं. मी कशी काढली असेन? पुस्तक? दोन वेण्या? वर चढवलेलं नाक? एकूण एक कागद उलटून पाहिला. मी नाही. कुठेच नाही. पोस्टमन आहे, पोस्टमनचा मेहुणा आहे, आणि मी नाही.

पुढे जाऊन मावशीला विचारलं. आवाज रडका झाला होता, तिलाही ऐकू गेला असणार.

"घरच्यांचं माप कुणी लिहून ठेवतं का गं?" ती बटण लावत होती, मान वर केली नाही. "तुझं आणि तुझ्या बापाचं तिच्या हातात होतं."

परत आत आले तर बाबा शर्ट घालत होते. उजवा खांदा पोत्याच्या सुतळीने शिवलेला! मी म्हणाले, अहो बाबा, मावशीकडून नवा का शिवून घेत नाही?

"शिवला ना एक. आत आहे. इथं ओढतो." खांद्यावर हात ठेवला. "तुझी आत्या इथं काहीतरी करायची."

चाळीस वर्षं पोती त्याच खांद्यावर. तो खांदा खाली आलाय. आत्या त्या बाजूला कापड उतरतं कापत असणार, बोलत नसणार. मावशीला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही. बाबांनाही नाही.

"मावशीला सांगायचं तरी."

"तिला कधी सांगावं लागलं नाही," बाबा म्हणाले. ती म्हणजे आत्या.

मी नमुने गोळा केले, क्रमाने तारेत ओवले आणि स्टुलावर चढून खिळ्याला अडकवले.

"का गं?" मावशीने विचारलं.

"शाळेचे शर्ट अडलेत ना."

तिने फडकं बाजूला केलं आणि पहिली कॉलर आखायला घेतली. चाकाची.

संध्याकाळच्या बसची जागा सोडली. कार्यालयात कळवलं, एक दिवस उशिरा येते.

१६ मार्च

सकाळी बाबांचं माप घेतलं. लहान मुलासारखे हात वर करून उभे राहिले. टेप लावली, मग टेप बाजूला ठेवून दोन्ही खांद्यांवर तळहात ठेवले. डावा. उजवा. बराच वेळ.

मावशीच्या शेजारी उभी राहून सांगत गेले, ती कापत गेली. "लिहून ठेव गं, विसरशील," म्हणाली आणि वही पुढे केली.

लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही.