कोल्हा, कोबी आणि मी

३ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. नियमित. मोजक्या शब्दांत.
भाची संशोधन केंद्रात पिकांच्या किडींवर काम करते. तिनं भाजीपाला करणाऱ्यांसाठी ऑनलाइन पुस्तिका काढली आहे. प्रत्येकानं घरबसल्या एकेक अध्याय लिहायचा, प्रत्येकाची फाइल वेगळी, वाचायला सगळ्यांना खुली. कोबीवरची अळी माझ्याकडे. परसातला कोबी बायकोचा, पण भाषा माझी. जन्मभर मुलांना कविता शिकवल्या. अळी ती काय!
महिनाअखेर ज्या अध्यायाला लेखकाखेरीज एकही वाचक नसेल तो पुस्तिकेतून काढणार, असा भाचीचा नियम. योग्यच आहे. बाकीच्यांची दया येते.

४ जानेवारी
केंद्रानं टॅब्लेट दिला. अक्षरं मुंगीएवढी. त्यात वाचता वाचता पडदा काळा होतो. भाचीला बोलावून झापलं. तिनं पडदा कधीच काळा होणार नाही अशी सोय केली, माझी फाइल उघडून दिली आणि आता खूश ना मामा, म्हणाली. ती गेल्यावर ते खेळणं चार्जरला लावून मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवून दिलं. लिहिणार ते मोठ्या कॉम्प्युटरवर. काव्याला ऐसपैस जागा लागते.

६ जानेवारी
इतरांचे अध्याय चाळले. अरेरे. ठिबकच्या नळ्या विकणारा एक इसम आहे, त्याचा भेंडीचा अध्याय चार ओळींचा. खाली फोटो: अर्धी भेंडी, अर्धा त्याचा अंगठा. त्याखाली वाचकांनी शाबासकी म्हणून दिलेले आणखी अंगठे. अंगठेबहाद्दरांचं संमेलनच.

८ जानेवारी
लेखनाला प्रारंभ. या अळीच्या पतंगाला हे लोक ‘चौकोनी ठिपक्यांचा पतंग’ म्हणतात. नाव आहे की चादरीचं डिझाइन? मी त्याला भुजंगप्रयातात बसवला:
हिरे बांधुनी पाठिला घे भरारी,
तुझ्या रे घरी चोर आला दुपारी!
वर्गात म्हटलं असतं तर मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा डोलली असती. हिला म्हणून दाखवलं. ही म्हणाली, चोर येऊन जेवून गेला, पानांची चाळण झालीय, औषध कुठलं मारायचं तेवढं त्यात बघून सांगा. रसिकता संसारात मिळत नाही. बाहेर शोधावी लागते.

९ जानेवारी, दुपार
मिळाली! फाइलच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल आहे, त्यात कोल्ह्याचं चित्र. आज प्रथमच लक्ष गेलं. खाली लिहिलंय: अनामिक कोल्हा. भाचीला फोन केला. कुणी नाव न सांगता फाइल उघडली की असं एखादं जनावर दिसतं म्हणे, दर खेपेला नवं. मी फाइल उघडण्याआधी हा हजर, मी उठेपर्यंत हजर. जांभईसुद्धा नाही. खानदानी माणूस.

१३ जानेवारी
पहाटे मुद्दाम उठून पाहिलं. कोल्हा होता! या वेळी कोबीवर वाचणारा परदेशातलाच असणार. तिकडे दिवस असेल. शास्त्रज्ञ असावा. तरुणपणी कविता करत असावा.
ग्रुपवर ठिबकवाल्यानं विचारलं, सर, तुमच्या अध्यायात फवारा कुठला ते दिलंय का, नसेल तर उघडत नाही. मी कळवलं, आधी पतंगाचं अंतरंग समजून घ्या. त्यानं अंगठा पाठवला. उताणा की पालथा, ते चष्म्याशिवाय कळलं नाही.

१५ जानेवारी
भाचीनं औषधाचा मजकूर पाठवला. पंपाला किती झाकणं, कुठल्या वेळी, वगैरे. रुक्ष. कोल्ह्यासमोर झाकणं कशी मोजायची? उद्या बघू. आज दुसरा सर्ग.

१८ जानेवारी
तिसरा सर्ग रंगात आला असताना हिनं कोबीचा एक गड्डा टेबलावर आणून आपटला. आत वळवळ. घ्या, तुमचे हिरे, म्हणाली. कीबोर्डवर एक अळी पडली. माझी एकाग्रता ढळली नाही. झाकणांचं उद्या नक्की.

२१ जानेवारी
हिनं परस्पर भाचीला फोन करून औषध मागवलं, शेजारणीचा बॅटरीवरचा पंपही आणला. नवऱ्याच्या अध्यायाची वाट पाहण्याइतका धीर नाही. मागच्या खोलीतून ओरडली, इथं एकच प्लग आहे, तुमचं ते काढून पंप लावते. लाव बाई, म्हटलं. वृत्त जुळत आलं होतं.

२२ जानेवारी
कोल्हा नाही.
सकाळी नाही, दुपारी नाही. दिवे लागले तरी नाही.

२३ जानेवारी
आजारी असेल. की ठिबकवाल्यानं कान भरले? धंदेवाईक माणूस, त्याला काय अशक्य आहे! ही म्हणाली, सुतकी चेहरा करून बसण्यापेक्षा वाफ्यांना पाणी सोडा. सोडलं. डोळे कोपऱ्याकडेच.

२५ जानेवारी
मंदाक्रांतेत विरहगीत लिहिलं. अध्यायाचा समारोप म्हणून तेच घातलं. परत आला की समजेल त्याला.
कोबीची नवी पानं स्वच्छ येताहेत. ऊन चांगलं पडलं या आठवड्यात.

३१ जानेवारी, संध्याकाळ
भाची आली. चहा संपवून म्हणाली, मामा, तुमचा अध्याय दोनच ठिकाणी उघडला गेलाय. एक तुमचा कॉम्प्युटर. दुसरा केंद्राचा टॅब्लेट. म्हटलं, आणि कोल्हा? तिनं मागच्या खोलीतून टॅब्लेट आणून माझ्या मांडीवर ठेवला. बंद पडलेला. हाच कोल्हा, म्हणाली.
ही एरवी इतकं हसते. आज हसली नाही. कपबशा उचलून आत गेली. ते जास्त लागलं.
अध्याय पुस्तिकेतून काढला. फाइल राहू दे तुमच्याकडे, म्हणाली भाची. त्या जागी ठिबकवाल्याच्या चार ओळी. झाकणांसकट. फोटो आमच्याच कोबीचा, हिनं त्याला बोलावून काढू दिला. अंगठा आहेच.
आजपासून लेखन बंद. कायमचं.

१ फेब्रुवारी, सकाळ
पंपाची बॅटरी भरली होती. नुसती प्लग अडवून बसली होती. काढली. प्लग रिकामा बघवेना म्हणून टॅब्लेट लावला. भाचीनं दाखवलं होतं तशी त्यावर फाइल उघडली. खिडकीत ठेवला.
कॉम्प्युटरवर येऊन बसलो. कोपऱ्यात गोल आला.
कोल्हा नव्हे. अनामिक कासव.
म्हणजे वाचक आता दोन झाले.