बरणीभर लेप

ताई,

गालावरच्या जखमेला लसूण-चुन्याचा लेप लावतोय हे कळल्यावर तू म्हणालीस, "अरे, तो त्वचेचा कॅन्सर आहे, ऑपरेशन करून घे." मी म्हणालो, "तुझे डॉक्टर कापायलाच टपलेत." खपली पडून खाली गुलाबी कातडी दिसली, तेव्हा तुला ऐटीत फोटोही पाठवला.

भिंती रंगवतो मी. ओल न काढता पुट्टी मारली की भिंत चार दिवसच छान दिसते, हे गिऱ्हाइकांना मीच सांगतो. या गावात कामं बरी मिळतात, मालक चहाही देतो. असो. गेल्या आठवड्यात ती कातडी फुटली. काल डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली, म्हणाल्या, वरून भरलं, आत वाढतच होतं. आता बराच गाल जाईल.

लाज त्याची नाही. तेव्हा माझा गाल बघून कामावरच्या जोडीदारानं त्याच्या आईच्या नाकावरच्या तसल्याच जखमेसाठी लेप मागितला. मी बरणीभर दिला, वर म्हणालो, "डॉक्टरची पायरी चढू नका." म्हातारी रोज मला आशीर्वाद पाठवते.

हे तुला पाठवायची छाती नाही. पण म्हातारीकडे आत्ताच निघालोय. पट्टी काढून जातो, म्हणजे तिला नीट दिसेल.

तुझं कधीच न ऐकलेला,
धाकटा