बकुळाबाईंच्या टेपा

रवि. ८ नोव्हेंबर १९७०
जुन्या बाजारातून तीन तबकड्या आणल्या. एक तडकलेली निघाली. दुसरी कीर्तनाची. तिसरीवरचा कागद उडालाय, पण गाणं! मुलतानी. बाईचा आवाज. सरळ, उघडा, कुणाला न भिणारा. संपताना गाणारणीनं स्वतःचं नाव सांगितलंय, पूर्वी सांगायचे तसं: बकुळाबाई. चारदा लावली.
दादाची कुरकुर. "सदतिशीला आलीस, कपबशा ठेवायला जागा नाही घरात, आणि तबकड्या एकशेवीस." एकशेबावीस, मी म्हटलं.
काशी कोळीण बोंबील घेऊन दारात. टोपली डोक्यावर तशीच, ऐकत राहिली. "मास्तरीन, ही तं आमच्या गल्लीतली म्हातारी हाय. मासली निवडताना ह्येच म्हनते."
काहीतरीच! पण जेवणात लक्ष नव्हतं.

गुरु. १२ नोव्हेंबर
सकाळची शाळा आटोपून गेले. भाईंदर पश्चिम, खाडीकडच्या गल्लीतलं शेवटचं घर. सत्तरीच्या बाई अंगणात सोडे वाळत घालत होत्या. नाव घेतलं तर म्हणाल्या, "बकुळा वारली. इथं माधवची आई राहते." मुलगा मुंबईत कचेरीत. सुनेनं चहा दिला, कशाला आलात ते दोनदा विचारलं. मी शाळेचं काहीतरी सांगितलं.
निघाले, तर म्हातारी फाटकापर्यंत आली. हळू आवाजात, "कुठली बाजू ऐकलीत? मुलतानीची? तीन मिनिटांत कोंबायला लावलं हो मेल्यांनी. अंतरा अर्धाच आहे त्यात."
"पुरा म्हणाल?"
मागं वळून घराकडं बघितलं. मग, "गाणं भरून घ्यायचं मशीन आहे तुमच्याकडं?"

गुरु. २६ नोव्हेंबर
नवीन भर: टेप १. मुलतानी, पूर्ण. बावीस मिनिटं!!
ब.बाई 'काशीबरोबर बाजारात जाते' सांगून आल्या. दात नाहीत, शब्द निसटतात. वरचा सा दोनदा फाटला. मी मशीन थांबवायला गेले तर ओरडल्या, "चालू ठेवा! फाटला तर फाटला. माझाच आहे."
विजेचा दाब तीनदा उतरला. चाक रडत फिरतं. तेवढी मिनिटं परत ऐकताना आवाज चढा येतो. असो.
चिजा सगळ्या त्यांच्या आईकडून आलेल्या. आई गोव्याकडची, गाणारी. चाळीसेक पाठ आहेत, कुणालाच दिलेल्या नाहीत. गाणं सोडलं तेव्हा माधव सात वर्षांचा. शाळेत पोरं त्याला बापाचं नाव विचारायची. एवढंच सांगितलं. पुढं मी विचारलं नाही.

रवि. १३ डिसेंबर
टेप ४ पर्यंत आलो.
मुंबईच्या एका संगीत मंडळाचा मोठा संग्रह आहे. त्यांना दोन टेपांच्या प्रती देऊ केल्या होत्या. चिटणिसांचं उत्तर आलं. गायिका नामवंत नाहीत. आवाज उतारवयातला. शिवाय मागे कोंबडा ऐकू येतो.
येतो. पिलू रागाच्या मध्यावर आरवलाय, आणि सुरात आरवलाय.
उलट टपाली कळवलं: संग्रह तुमचा, कान माझे. दादा म्हणतो, दोन दिवस ठेवून मग टाकायचं होतंस पत्र. ठेवलं असतं तर जास्त तिखट झालं असतं.

शनि. ९ जानेवारी १९७१
माधवराव आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. सुनेनं बाजाराचं बिंग फोडलंय.
"माझ्या सुलभाचं लग्न जमतंय. मुलाकडचे चौकशी करतायत. इतकी वर्षं मी हे झाकलं, बाई, आणि तुम्ही ते डब्यात भरून ठेवताय. टेपा द्या."
"त्यांच्या आहेत. त्यांनी मागितल्या तर आत्ता देते."
"आई माझ्या घरात राहते."
"गळा त्यांचा त्यांच्याजवळ राहतो."
शाळेच्या कमिटीत ओळख आहे म्हणाले. बोला म्हटलं, जरूर बोला. गेल्यावर चहा गाळताना अर्धा ओट्यावर सांडला.
माणूस वाईट नाही. सात वर्षांचं पोर अजून उत्तर शोधतंय. पण म्हणून टेपा द्यायच्या?
नाही.

सोम. ११ जाने.
हेडमास्तरांनी बोलावलं. "तक्रार आहे तुमच्याबद्दल. कसल्याशा बायकांना घरी आणून..."
"कसल्याशा म्हणजे कसल्या, सर? लिहून द्या, खाली मी सही करते."
नाही दिलं लिहून. कमिटीपुढं विषय ठेवतो म्हणाले. ठेवा.

गुरु. १४ जाने. संक्रांत
ब.बाईंना फाटकाबाहेर बंदी. काशीचं परस त्यांच्या परसाला लागून. म्हणून मशीनच तिकडं न्यायचं ठरवलं. दादानं आपणहून खांद्यावर घेतलं. "तुझ्या हातून पडेल," एवढंच म्हणाला. वाटेत दोघातिघांनी काय आहे विचारलं, तर मोठ्यानं सांगत सुटला, गाण्याचं मशीन, गाण्याचं!
सून हळदीकुंकवाला गेली तशा ब.बाई कुंपणातून आल्या. टेप ६. शेवटी भैरवी म्हणाल का, विचारलं. "भैरवी म्हणजे संपलं. अजून कुठं संपलंय?" आणि भीमपलास धरला.
मध्येच दारात सुलभा. आजीला गाताना पहिल्यांदाच बघत होती. काशीनं तिचा हात धरला, "बस. आवाज नको करू." मला वाटलं आता सगळं संपलं. ब.बाईंनी डोळे उघडले, नातीला बघितलं, आणि थांबल्या नाहीत. तिच्याकडं बघूनच तान घेतली. अशी तान सहा टेपांत दुसरी नाही.

रवि. ३१ जाने.
सुलभा आली, एकटी. मुलाला स्वतः सांगणार म्हणते. "लग्नानंतर कळून तोंड फिरवलं तर? आधीच कळू दे. तुमच्याकडं आणते, ऐकवा."
"वडलांना सांगितलंस?"
"सांगितलं. दोन दिवस जेवले नाहीत."
"आणि आजी?"
"आजी म्हणाली, कुठली टेप लावायची ते मी ठरवणार."
कमिटीची बैठक बारा फेब्रुवारीला. मलाही बोलावलंय.

रवि. ७ फेब्रु.
चारला आले. मुलगा आणि त्याची आई. मुलगा ओव्हरसिअर, कमी बोलणारा. आईचं लक्ष भिंतीवरच्या तबकड्यांवर. ब.बाई निळं इरकल नेसून, बंदी मोडून, सरळ पुढच्या रस्त्यानं आल्या.
टेप ५ लावा म्हणाल्या. तिच्यात आवाज सगळ्यात जास्त फाटलाय. मी कानाशी जाऊन म्हटलं, तीन नंबर चांगली आहे. तर सगळ्यांना ऐकू जाईलसं म्हणाल्या, "चांगली ऐकून हो म्हणतील. मला हे ऐकून काय म्हणतात ते बघायचंय."
लावली. मुलगा खाली बघत होता. आवडतंय की लाजतोय, कळेना. त्याच्या आईनं चहाला हात लावला नव्हता. सुलभा आजीला टेकून.
खिडकीतून दिसलं, माधवराव फाटकाशी उभे. दादा बोलवायला गेला. आत येईनात, जाईनातही.
मी उठले आणि आवाज मोठा केला.