आमच्या बाजारात नाही

१८ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. चाळिशीला टेकलेल्या सरकारी अधिकाऱ्याला मी अजून टिल्लू म्हणते म्हणून आई माझ्यावर रागावली, असं लिहिलंस. तिला सांग, अधिकारी तो सीमेच्या पलीकडे. लग्न होऊन मी अलीकडे आले, तुझ्यासारख्याच खात्यात चिकटले, पण माझ्यापुरता तू टिल्लूच. बाजारात आलेल्या वस्तू सुरक्षित आहेत की नाहीत हे तू कागदावर बघतोस आणि मी प्रयोगशाळेत, एवढाच काय तो फरक. म्हणजे हात माझे भाजतात आणि सही तुझी होते.

आईच्या पायांत गोळे येतात असं तिने तुझ्या पत्राच्या समासात लिहिलंय. तुला दिसलं नसेल. तिची खोली म्हणजे बर्फाचा कारखाना. ऊब राहील असं काहीतरी आण, आणि आणताना कंजूषपणा करू नकोस. तुमचा फोनचा अर्ज अजून रांगेतच का? आईचा आवाज ऐकून वर्ष झालं.

घरच्या पत्रात ऑफिस नाही, हा आपला नियम मी आज जरा वाकवते. बाबा आयुष्यभर वजनमापं तपासत फिरले, पण जेवताना एकाही दुकानदाराचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. आपणही तसेच निपजलो. पण गेले सहा दिवस माझ्या टेबलावर एक वस्तू आहे, ती मला झोपू देत नाही. ती जिथून आली त्या घरातले नवराबायको जेवून बसले ते उठलेच नाहीत. नाव लिहिता येत नाही. जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप. शेजारच्या सगळ्या देशांच्या खात्यांना लाल कडेचा कागद निघालाय, मुख्य कचेऱ्या पालथ्या घालत तो दोनतीन आठवड्यांत तुझ्या टेबलावर पोचेल. तो डोळ्यांनी वाच रे, शिक्क्याने वाचू नकोस. मला भीती वाटते.

आईला नमस्कार. माया आहे तशी असू दे.
तुझी,
ताई

९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कागद काल पोचला आणि तुझ्या धाकट्या भावाने तो कालच निकालात काढला. आता तू शांत झोप. नियम तू वाकवलास म्हणून मीही वाकवतो. कागदावर कंपनीचं नाव, मॉडेल नंबर, ‘गॅसवर चालणारे घरगुती उपकरण’ आणि ‘गंभीर धोका’ एवढंच होतं. कारणाच्या रकान्यात ‘तपास चालू’. फोटो फॅक्सवरून आला तो करपलेल्या तव्यासारखा. आम्ही नेहमी करतो तसं आयातीच्या नोंदवहीत नाव आणि नंबर शोधला, तीन वर्षं मागे जाऊन. एकही नोंद नाही. ‘आमच्या बाजारात नाही’ असा शिक्का मारला, खाली सही ठोकली. तुमचं संकट तुमच्याकडेच राहिलं, एवढं नक्की.

आता आनंदाची बातमी. तुझ्या हुकमाप्रमाणे आईसाठी गॅसचा हीटर आणला, एक तारखेला. निळा आहे, खाली तीन पाय, पोटात लहान सिलिंडर, बटण डावीकडे, पुढे काचेची एवढीशी खिडकी. आत ज्योत दिसते, छान पिवळीधमक. आई म्हणते, समई लावल्यासारखं वाटतं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटी मी कागदाच्या पट्ट्यांनी बंद केल्या. आणि हसू नकोस, पण तुझा कागद वाचल्यावर घरी येऊन हीटरमागची पाटी पुन्हा पाहिली. नाव वेगळं, नंबर वेगळा, आयातदाराचा पत्ताही नीट छापलेला. निरीक्षकाच्या पोटी जन्मलोय, असा सोडतो काय?

आईचं डोकं मात्र गेले चार दिवस जड असतं. सकाळी उठवत नाही, जेवण जात नाही. गॅलरीत जाऊन बसली की बरं वाटतं, आत आली की पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. आई म्हणते, नंबर नाही, वय बदललं. दुपारीही ती खुर्चीतच पेंगते. मी दार लोटून घेतो, म्हणजे तिला आवाजाने जाग येत नाही.

१४ ते १६ आम्हाला जोडून सुट्टी आहे, तेव्हा चष्म्याचं उरकून टाकीन. घरच्या सर्वांना यथायोग्य. लोभात कमी नको.
तुझा,
टिल्लू

१५ डिसेंबर

चि. टिल्लू,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं, लगेच तार केलीय. ‘हीटर बंद कर खिडक्या उघड आईला दवाखान्यात ने’ एवढे शब्द. तार उद्या पोचेल असं पोस्टातला माणूस म्हणाला. आज का नाही, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तुमच्या ऑफिसचा फोन सकाळपासून लावते आहे, तो वाजतो आणि वाजतच राहतो. तुम्हाला सुट्टी आहे हे मला पत्रातून माहीत आहे, तरी लावते. हे पत्र पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल, बरं किंवा वाईट. पण हात रिकामे ठेवले तर मी वेडी होईन.

टिल्लू, तोच आहे तो. तीन पाय, डावीकडे बटण, काचेची खिडकी, पिवळी ज्योत. चांगल्या हीटरची ज्योत निळी असते रे. पिवळी म्हणजे गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, मग माणूस झोपेतून उठत नाही. त्या नवराबायकोचं तेच झालं. डॉक्टरांना हे नाव स्पष्ट सांग, नाहीतर ते पुन्हा चष्म्यावर जातील. मागची पाटी खरवड. खाली दुसरी पाटी निघेल, तिच्यावर माझ्या कागदातला नंबर असेल. माल तोच, नाव नवं. तू नाव शोधलंस, हीटर नाही.

तुझ्यावर चिडण्याचा मला हक्क नाही. ऊब आण म्हणून टुमणं मी लावलं. ‘हीटर’ हा एक शब्द घरच्या पत्रात लिहिला असता तर माझं काय गेलं असतं? फार तर नोकरी. बाबांचा नियम, खात्याचा नियम, दोन्ही पाळले, आणि आईला दार लोटून तिथे बसवलं.

उलट टपाली एक ओळ लिही. काहीही असलं तरी लिही.
ताई

१८ डिसेंबर

चि. सौ. बयोस,
अनेक आशीर्वाद.

मी जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण तू पत्र शेवटाकडून वाचायला लागशील. अक्षर वाकडं आहे ते हाताला नळी लावलीय म्हणून. बाकी अक्कल शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. माझी की त्यांची, ते बोलले नाहीत.

तार परवा अकराच्या सुमारास आली म्हणे. मला काही आठवत नाही. चहा घेऊन आठाला खुर्चीत बसले होते. टिल्लूने दोनदा दार उघडून पाहिलं, मी झोपलेय असं वाटून दोनदा लावून घेतलं. तार वाचल्यावर त्याने मला हाक मारली, मी हूं की चूं केलं नाही. पायात चप्पल नाही, अंगात नुसता बनियन, अशा अवतारात मला पाठुंगळीला मारून तीन जिने उतरला. लहानपणी मी त्याला तसा नेत असे, तर सारखा माझे केस ओढायचा. दोन दिवस नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. आता डोकं हलकं आहे, भूक लागते, आणि इथलं जेवण खाऊन ती जाते.

पोरी, मला माझी काळजी नाही. काळजी त्याची आहे. कॉटशेजारी बसतो आणि मी डोळे मिटले की मला हलवून जागं करतो. झोपू देत नाही. डोळे उघडले की म्हणतो, काही नाही, सहज. मी वाचले ना, मग हा असा का दिसतो? कालपासून दुकानातली बिलांची वही घेऊन घरोघर हिंडतोय. काल आला तो जेवलाच नाही. काय झालं विचारलं तर भिंतीकडे तोंड करून बसला. तुला लिहील. माझ्याशी बोलायची त्याला भीती वाटते आहे.

तू स्वतःला बोल लावू नकोस. थंडी मला वाजत होती, मीच कुरकुरले होते. जावईबापूंना आशीर्वाद. आईवरची माया आता जरा मोठ्याने सांगत जा, तुमचे सगळे नियम पुरे झाले.
तुझी,
आई

२२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई आज घरी आली. तिच्या खोलीच्या चारही खिडक्या उघड्या आहेत, ती तीन गोधड्यांत बसलीय आणि मला शिव्या देते आहे. म्हणजे बरी आहे. तुझी तार तासभर उशिरा आली असती तर आई हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

नाण्याने पाटी खरवडली. खाली तुझाच नंबर. काखेत कळसा म्हणतात तो प्रकार, फक्त कळशात विष होतं. आयातदाराने साठ नग नव्या नावाने उतरवले होते. मी साहेबांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं आणि त्याच दिवशी लाल कडेचा दुसरा कागद काढला, या वेळी आमच्याकडून सगळ्यांना. दोन्ही नावं, दोन्ही नंबर, पिवळी ज्योत, आणि हाताने काढलेलं चित्र, म्हणजे फॅक्सने काळं केलं तरी पाय तीनच दिसतील. आधीची सही चुकीची होती, हेही त्यात लिहिलं. साहेब म्हणत होते, तेवढं वाक्य गाळलं तरी चालेल. मी गाळलं नाही. साठांपैकी सत्तावन्न हीटर परत आलेत. तीन घरांना कुलूप आहे, तिथे रोज जातो. पण तुला लिहायचंय ते एकाच घराबद्दल.

आमचं बिल एकतिसावं. तिसावं एका शिंप्याचं. मला तो चांगला आठवतो, कारण दुकानात माझ्यापुढे तोच उभा होता, घ्यावा की न घ्यावा करत. मी कुठे काम करतो हे दुकानदाराने त्याला सांगितलं. तेव्हा त्याने वळून मला विचारलं, साहेब, घेऊ ना, काही धोका नाही ना. मी वाकून मागची पाटी वाचली आणि म्हणालो, बिनधास्त घ्या, मीही घेतोय. वहीत ते नाव पाहिल्यावर मी सगळ्यात आधी तिथे गेलो.

दार त्याच्या वहिनीने उघडलं. शिंपी आणि त्याची बायको बारा तारखेला गेले. खाण्यातून विषबाधा, असं कुणीतरी लिहून दिलं. ती दिवसकार्य उरकायला गावाहून आलीय, आपल्या दोन लहान मुली घेऊन. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेला शर्ट तसाच होता. आणि ताई, कोपऱ्यात हीटर चालू होता. मुली त्याच्यासमोर हात शेकत बसल्या होत्या. घर गार पडलं म्हणून लावला, असं ती म्हणाली. मी आधी तो बंद केला, खिडक्या उघडल्या, मुलींना जिन्यात नेऊन बसवलं. थोरलीचं डोकं दुखत होतं. दोघींना दवाखान्यात तपासून आणलं, दोघी ठीक आहेत.

परत आल्यावर ती बाई हात जोडून म्हणाली, सरकारी माणसं कुठे इतकी धडपड करतात, तुम्ही देवासारखे आलात. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. आठ तारखेला माझी सही झाली. बारा तारखेला ते दोघं गेले. मधले चार दिवस माझे आहेत. हे तिला सांगायला हवं होतं, आणि मी पाणी प्यायलो, आणखी हवं का विचारल्यावर नको म्हणालो आणि हीटर उचलून खाली आलो.

उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे, सांगायला. आईला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर, आणि चपला शोधायला लागली. तिला जिने चढवत नाहीत, मी नको म्हणालो. एकट्यानेच जायला हवं. फार भीती वाटते, ताई.

तुझ्या मायेवर हक्क सांगायला आज जीभ रेटत नाही. तरी ती काढून घेऊ नकोस.
तुझा,
टिल्लू